आल्प्सचा राहिलेला दिवस

इरण्णा, तुला बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. चहासुद्धा तू उभ्यानं प्यायचास, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत, गाडी सुटायला आल्यासारखा. त्यामुळे त्या दिवशी तुमच्या रिवाजाप्रमाणे तुला मांडी घालून, पाठ ताठ करून बसवलेलं पाहिलं, कपाळाला विभूती, गळ्यात फुलं, तेव्हा मला रडू यायच्या आधी राग आला. ज्या माणसानं अडतीस वर्षं रेल्वेचा रूळ पायी तुडवला त्याला बसवून माती देतात का? मी पुढं होऊन म्हणणारही होतो, अहो, याला उभा तरी ठेवा. तुझ्या थोरल्यानं माझा दंड धरला. त्याला वाटलं मी पडतोय.

त्याला आज बावीस दिवस झाले. तलावाकाठी आपल्याबरोबर सकाळी चालणारी मंडळी म्हणाली, "दत्ता, इरण्णावर तूच लिही. पण जरा खरं लिही बाबा." म्हणजे बघ, तू गेलास तरी माझी अब्रू होती तिथंच आहे.

त्यांचा दोष नाही. चाळीस वर्षं मी सोलापुरी चादरी विकत गावोगाव हिंडलो, आणि नुसती चादर कोणी घेत नाही, तिच्याबरोबर एक गोष्ट द्यावी लागते. दुधनीच्या एका व्यापाऱ्याला मी अशी ऊबदार चादर विकली की तिच्या घडीत विसरलेल्या अंड्यांतून पिल्लं निघाली, असं मी सांगायचो. तीन गावं पुढं गेलं की मला तो व्यापारी, त्याची मिशी आणि पिल्लांचा रंगसुद्धा आठवायला लागायचा. तुझी नोकरी नेमकी उलटी. तू कीमन. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून होटगीच्या बाजूचा आपल्या हद्दीतला रूळ चालत जायचं, रूळ धरून ठेवणारी चावी सैल दिसली की ठोकून बसवायची, आणि तसंच परत यायचं. रुळाखालचा एकही स्लीपर न चुकवता. मी सैल करत हिंडणारा आणि तू घट्ट करत हिंडणारा. आपण दोघं म्हातारपणी एकमेकांच्या गळ्यात पडलो, हीच मुळात कोणाला न पटणारी गोष्ट आहे.

सुरुवात आठवते का? मी स्वित्झर्लंडहून आलो होतो. माझा अभय तिकडं नोकरीला. त्यानं मला आणि सूनबाईला एका मोठ्या पर्वताभोवतीच्या सहा दिवसांच्या पायवाटेवर नेलं होतं. रोज एक टप्पा चालायचा, खाली गावात मुक्काम, सकाळी पुढं. जगभरातली माणसं सुट्टी काढून त्यासाठी येतात. मी तलावावर हे सांगत होतो आणि मंडळी हसत होती. तू मात्र हसला नाहीस. तू मागून म्हणालास, "म्हंजे तितं लोक पैसे भरून चालतात?"

"भरून."

"आन मला सरकार पगार देत हुतं चालायचा. माझं नशीब थोर की." मग जवळ आलास. "रोज किती किलोमीटर?"

तो प्रश्न विचारलास आणि मी फसलो. लिहून टाकतो एकदाचं, आधीच पुष्कळ उशीर झालाय: मी त्या सहा दिवसांतला फक्त अर्धा दिवस चाललो. पहिल्या दिवसाचे दोन-अडीच तास. बाकी साडेपाच दिवस मी तुला जे सांगत आलो ते सगळं त्या व्यापाऱ्याच्या पिल्लांसारखं आहे. तू असताना हे सांगायला मला सहा वर्षं मिळाली होती.

दुसरा कोणी असता तर चार गोष्टी ऐकून घरी गेला असता. तू वही आणलीस. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, नोकरीतल्या सवयीची. वाटेचा एकेक किलोमीटर तू माझ्याकडून वदवून घ्यायला लागलास. वळण कुठं, पूल कुठं, चढ किती.

"चढ उभा," मी म्हणायचो.

"उभा म्हंजे शंभराला किती?"

"इरण्णा, समोरून येणाऱ्या माणसाचे बूट माझ्या टोपीच्या उंचीवर होते. आता तूच काढ."

तू खरंच काढायचास. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या पायरीवर मला अडवायचास. "थांब. परत सांग. काल नदी डाव्या अंगाला हुती. आज उजव्या अंगाला कशी आली?"

"पूल ओलांडला की."

"पूल कुटं सांगितलास?"

मग मला तिथं पूल बांधावा लागायचा. त्या वाटेवरचे निम्मे पूल मी तुझ्या धाकानं बांधलेत. ब्याण्णव वर्षांची एक म्हातारी खांद्यावर शिडी घेऊन मला मागं टाकून गेली, हे तू मुकाट्यानं लिहून घेतलंस, फक्त शिडी किती पायऱ्यांची ते विचारलंस. डोंगरावरच्या खोलीत खिडकीतून ढग आत शिरला आणि मी आणि अभयनं चादर धरून त्याला दाराबाहेर काढला, असं मी सांगितलं, तेव्हा तू पेन्सिल कानावर ठेवून विचार केलास. "चादर सिंगल का डबल?"

"डबल."

"मग बरुबर हाय. सिंगलनं निगाला नसता."

मला अजून कळलेलं नाही, तेव्हा तू माझी फिरकी घेत होतास का. तुझा चेहरा त्या बाबतीत काही उपयोगाचा नव्हता.

एक मात्र मी खरं सांगितलं होतं आणि नेमकं तेच तुला पटलं नाही. तिकडं वाटेवर पिवळ्या पाट्या असतात. गावाचं नाव आणि पुढं वेळ. चार तास वीस मिनिटं. किलोमीटर नाहीतच.

"कुणाच्या पायानं चार तास?" तू विचारलंस.

मी म्हणालो, तिकडच्या सरकारनं मध्यम पायाचा एक माणूस नेमलाय, तोच सगळ्या वाटा चालून पाट्या लिहितो. तू भडकलास. अंतर म्हणजे अंतर, ते कोणीही चाललं तरी तेवढंच राहतं, वेळ लिहिणं ही फसवणूक आहे, असं तुझं म्हणणं. मी हट्टाला पेटून वेळेची बाजू घेतली. हे भांडण आपण तीन हिवाळे भांडलो. इरण्णा, तलावाची फेरी अजून तेवढीच आहे. मला मात्र आता वीस मिनिटं जास्त लागतात. पाटीवर काय लिहायचं, तूच सांग.

मग तू पासपोर्ट काढलास. मला न सांगता. एके सकाळी पिशवीतून काढून दाखवलास, फोटोत विभूती पुसलेली, त्यामुळे तू गुन्हा कबूल केलेल्या माणसासारखा दिसत होतास. "आता तुज्यासंगं जायाचं," म्हणालास. "तू वाट दाखव, मी मागनं येतो."

तिथं गेलो तर पहिल्याच दिवशी, पहिल्याच पुलापाशी, जो तिथं नाही, तू वही उघडून उभा राहणार. म्हणून मी त्या पर्वतावर संकटं पेरायला सुरुवात केली. शेंगाचटणीचा वास दोन मैलांवरून ओळखणारी अस्वलं सोडली. दर वर्षी एक तरी पाहुणा गिळणारी बर्फाची भेग पाडली. तू प्रत्येक संकट लिहून घेतलंस आणि म्हणालास, "बगू की." मग मी गुडघा काढला. माझा डावा गुडघा, ज्यानं मला आजपर्यंत कधी त्रास दिला नाही. "डॉक्टर म्हणालेत, वर्षभर चढ नको." तू लगेच चाल कमी केलीस. त्या दिवसापासून तू माझ्या गुडघ्याच्या बाजूनं चालायला लागलास.

त्यावर तुझा उपाय तर रेल्वेच्या माणसालाच सुचेल असा. चढ नको ना, मग सपाटीवर चालू. यंदाच्या थंडीत आपण ती वाट इथंच चालायची. होटगीकडं जाणाऱ्या रुळाच्या कडेनं कच्चा रस्ता आहे, त्यावर रोजच्या टप्प्याइतके किलोमीटर मोजून, आणि त्या त्या जागी मी सांगायचं काय दिसतंय. तू नातीची दप्तराची पिशवी पाठीला लावलीस, गुलाबी, तिच्यावर मांजरीचं चित्र, आत वजनासाठी आठ किलो ज्वारी. लोक शेतातून बघत राहिले. होटगीच्या बाजूचा तुझ्या ओळखीचा एक गँगमन रुळावरून ओरडला, "अण्णा, कुटं निगालाव?" तू न थांबता म्हणालास, "दुसऱ्या घाटावर."

बाभळी, खडी, तुरीची वाळलेली शेतं, आणि मी सांगतोय, आता खाली तळं दिसतंय, निळं, इतकं स्वच्छ की मासे आपल्याकडं बघून तोंड फिरवतात. तू थांबून खाली बघायचास. तिथं मोरी होती आणि तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या. तू तरी बघायचास, पुरेसा वेळ. मग म्हणायचास, "हं. चला."

असे पाच टप्पे आपण चाललो. मला कबूल केलं पाहिजे, आयुष्यात इतकं कधी चाललो नव्हतो, आणि ते पाच दिवस मला माझ्या खऱ्या अर्ध्या दिवसापेक्षा खरे वाटतात. पाचव्या संध्याकाळी रिक्षात बसताना तू म्हणालास, "सहावा टप्पा झाला की वही पुरी. मग उन्हाळ्यात जाऊन तपासून येऊ. तुजा गुडघा आता पळतुय."

मी सहावा टप्पा लांबवला. आज वारा आहे, आज पाहुणे आलेत, आज अमावस्या. अकरा दिवस. तू रोज सकाळी गुलाबी पिशवी घेऊन तलावावर यायचास आणि मी काहीतरी सांगितलं की पिशवीसकट घरी जायचास. बाराव्या दिवशी तू आला नाहीस, तुझ्या थोरल्याचा फोन आला.

आता तू मला सोडत नाहीस. परवा किराणा दुकानात एक जण विचारत होता, थंडीला चादर चांगली का ब्लँकेट. मी सुरू केलं, "अहो, मी स्वित्झर्लंडच्या डोंगरात असताना..." आणि डाव्या कानाशी आलं, थांब, परत सांग. तुझ्याच आवाजात, वर न चढवलेल्या. मी वळून पाहिलं, तिथं गुळाच्या ढेपा होत्या. त्या माणसाला तिथंच सोडून मी बाहेर आलो. खडीच्या रस्त्यावर मी एकदा एकटा गेलो तेव्हा डावीकडं पावलं वाजत होती. मी थांबलो की थांबायची, ते ठीक, माझीच असतील. पण एकदा मी थांबलो आणि ती दोन पावलं पुढं गेली. ही थाप नाही. थाप असती तर मी दहा म्हणालो असतो.

गेल्या सोमवारी महादेवीवहिनींनी तुझ्या घरी बोलावलं. दुपारची वेळ, त्या बाहेरच्या सोप्यात सूप घेऊन बसल्या होत्या. गुलाबी पिशवीतली ज्वारी काढून निवडत होत्या. वही माझ्यासमोर ठेवली.

"दत्ताभावजी, हे रोज सांजंला येऊन मला सांगायचे. आज हितं पूल, तितं गाईंच्या गळ्यात घंटा. माझे पण पाच दिस झाले. सहाव्याला काय हाय ते सांगा. तेवढं ऱ्हायलंय."

मी वही उघडली, त्यांच्याकडं बघावं लागू नये म्हणून. माझी सगळी अस्वलं होती तिथं, आणि प्रत्येकापुढं तुझा इलाज. "चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात." बर्फाच्या भेगेपुढं, "दोर वीस हात, पुढं मी." पहिल्या दिवसाच्या पानावर ती अरुंद कडेवरची वाट होती, जी मी शीळ घालत ओलांडली असं तुला सांगितलं होतं. तिथं तू लाल पेन्सिलीनं रेल्वेतल्यासारखं लिहिलं होतंस, "हितं वेग कमी. दत्ताला आतल्या अंगाला ठेवणे." आणि शेवटच्या पानावर, तारखेच्या जागी, "दत्ताचा गुडघा बरा झाल्यावर."

मला वाटत होतं, अस्वलांना तू थोडा तरी भ्याला असशील. तू माझ्यासाठी थांबला होतास.

माझं तोंड आपोआप सुरू झालं. "सहाव्या दिवशी, वहिनी, एक खिंड लागते, तिथनं सात देश..." आणि मी थांबलो. डाव्या कानाशी या वेळी काहीही आलं नाही.

मग मी त्यांना सांगितलं. त्या अरुंद कडेवर मी आलो, एका बाजूला नुसती हवा, आणि माझे पाय गेले. सोलापूरच्या सपाटीवरचा माणूस मी, एवढी खोली कधी पायाखाली पाहिली नव्हती. मी खाली बसलो आणि मला उठता येईना. मागची माणसं अदबीनं थांबली, रांग लागली. सूनबाईनं माझ्या पायांकडं बघत मला बोलतं ठेवलं आणि मी बसल्या बसल्या, ढुंगणावर सरकत, मागं आलो. विजार फाटली. पुढचे दिवस मी वाट चढलोच नाही. तिकडं चालणाऱ्यांच्या मोठ्या बॅगा पुढच्या गावी नेऊन टाकणारी एक गाडी असते. अभयनं मला त्या गाडीत बसवलं. गाडी चालवणारी बाई होती, माझ्याच वयाची, तिला माझी भाषा येत नव्हती आणि मला तिची. मी बॅगांबरोबर जायचो, मुक्कामाच्या दारात उतरवून घ्यायचो आणि बाकावर बसून राहायचो. गुडघा कधी दुखलाच नव्हता, तेही सांगितलं.

वहिनींचा हात सुपात थांबला. मग म्हणाल्या, "म्हंजे हे तुमच्यापायी जायचे ऱ्हायले."

"हो."

"खोट्या गुडघ्यापायी."

"हो, वहिनी."

त्यांनी खडे वेचून बाजूला टाकले. मला जा म्हणाल्या असत्या तर मी गेलो असतो, वाटच बघत होतो. त्यांनी विचारलं, "बाकावर बसून काय करायचात?"

"डोंगराकडं बघायचो. संध्याकाळी वरून माणसं उतरतात. आधी ठिपका दिसतो. कोण ते कळत नाही. मग चाल दिसते, आणि चालीवरनं मी अभयला ओळखायला शिकलो. चेहरा शेवटी."

"हे त्यांना सांगायचं हुतं की," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून रागाचाच होता. "ते पूल आन अस्वलं कशाला सांगितली? मी नवी नवरी हुते तवा होटगीला फाटकापाशी डबा घिऊन बसायची. रुळावर लांब ठिपका दिसायचा. चार कीमन हुते, पर मला कळायचं. हे कवा पाऊल चुकवायचे न्हाईत." मग थोड्या वेळानं, सुपाकडं बघत, "दिसला पोरगा की तुमी काय करायचा?"

"उठून उभा राहायचो. बॅगा उगीच सरळ लावायचो."

"मी डब्याचं झाकण पुसायची," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

मी निघताना त्यांनी वही परत घेतली. मला दिली नाही, आणि मी मागितली नाही. दारापर्यंत आल्या, नेहमी येतात तशा. पुन्हा या, एवढं मात्र म्हणाल्या नाहीत. तुझा पासपोर्ट कोरा राहिला तो माझ्यामुळं. या वाक्याला मी काही जोडणार नाही.

इरण्णा, सहावा दिवस तुला देणं आहे, तो घे. सहाव्या दिवशी पाऊस होता, बारीक. एका छोट्या गावाच्या टोकाला वाट संपते, तिथं बस थांब्याचं छप्पर आहे, त्याखाली मी अकरा बॅगा लावून बसलो होतो. पूल नव्हता. खिंडीतून सात देश दिसत नव्हते, समोरचा डोंगरही निम्माच दिसत होता. गाडीवाल्या बाईनं मला थर्मासमधला चहा दिला, साखर नसलेला. तीन वाजल्यापासून माणसं यायला लागली, एकेकटी, भिजलेली, आपापली बॅग उचलून मला मान हलवून जाणारी. वाट संपली म्हणून कोणी नाचलं नाही. अभय आणि सूनबाई सातव्या-आठव्या नंबराला आले. अभय म्हणाला, "बाबा, सुंदर होतं," आणि मी म्हणालो, "हो ना." त्या सबंध सहलीत मी त्याच्याशी तेवढंच खोटं बोललो. तुझ्यासाठी मात्र घरी येईपर्यंत साडेपाच दिवस तयार झाले होते.

माणसं डोंगरातून कशी येतात ते मला माहीत आहे, ठिपका, मग चाल, मग चेहरा. जाताना क्रम उलटा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बावीस दिवसांत तुझा चेहरा जरा पुसट व्हायला लागलाय, फोटो बघून जुळवावा लागतो. चाल अजून स्वच्छ दिसते, एकही स्लीपर न चुकवणारी. तू ठिपका होशील तोवर मी बाकावर बसलोय.